बहात्तराव्या वर्षी उमललेली फुले : मेरी डिलेनी यांची कागदचित्रे



ज्या बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या विद्यालयात चित्रकला आणि शिवण असे दोन विषय शिकविले. वेळापत्रकात हे दोन्ही तास बहुधा दिवसाच्या अखेरीस असत, आणि गणिताचा किंवा इंग्रजीचा अभ्यासक्रम मागे पडला की पहिली गदा त्यांच्यावरच येई. आजच्या व्याख्यानासाठी विषय निवडताना ही गोष्ट माझ्या मनात होती. म्हणून लढाया, तह आणि कारस्थाने यांना मी आजच्यापुरती रजा दिली आहे. एका वृद्ध स्त्रीच्या हातातील कातरीचा इतिहास आपल्यापुढे ठेवावा, असा माझा विचार आहे.

कलेच्या इतिहासाची बहुतेक पाठ्यपुस्तके आपल्याला असे सांगतात की चिकटचित्राचा, म्हणजे कलाविद्यालयांत ज्याला आता सर्रास कोलाज म्हणतात त्या प्रकाराचा, जन्म १९१२ साली फ्रान्समध्ये झाला. पिकासोने त्या वर्षी खुर्चीच्या वेताची वीण छापलेले मेणकापड आपल्या चित्रावर चिकटविले. ब्राकने लाकडाच्या रेषा छापलेला भिंतीचा कागद कापून कोळशाच्या रेखाटनात बसविला. आधुनिक कलेच्या दृष्टीने ही घटना मोठीच होती, त्याविषयी वाद नाही. परंतु त्याआधी बरोबर १४० वर्षे, १७७२ साली, इंग्लंडमधील बकिंगहॅमशायर परगण्यात बुलस्ट्रोड नावाच्या एका वाड्यात बहात्तर वर्षांच्या एका विधवेने रंगीत कागदाचे बारीक तुकडे कापून, ते काळ्या पार्श्वभूमीवर एकावर एक चिकटवून एक फूल तयार केले. पुढील दहा वर्षांत तिने अशी ९८५ फुले केली. तिचे नाव मेरी डिलेनी. पाठ्यपुस्तकांत ते फार उशिरा आले, आणि अजूनही कित्येकांत ते आलेले नाही.

ही चित्रे मी छायाचित्रांवरून आणि मोठ्या आकाराच्या प्रतिकृतींवरून पुष्कळ वेळ पाहिली आहेत. त्यांचा पहिला परिणाम विलक्षण शांततेचा होतो. गर्द काळ्या कागदावर एकच डहाळी, एकच फूल. मागे बाग नाही, आकाश नाही, फुलदाणी नाही. जणू मध्यरात्री कंदील हाती धरून कोणी एखाद्या झाडापुढे उभे राहिले असावे. ती पाहून मनाला थंडावा मिळतो असे पुष्कळांनी लिहिले आहे, आणि ते खोटे नाही. पण इतिहासाच्या अभ्यासकाला एवढ्यावर थांबता येत नाही. ही शांतता आली कोठून, ती कोणत्या किमतीला मिळाली, आणि ती आपल्यापर्यंत टिकून कशी पोहोचली, हे प्रश्न त्याला विचारावेच लागतात. ही शांतता निसर्गाने बाईंच्या ओंजळीत आपणहून टाकलेली नव्हती. ती दररोजच्या श्रमाने कमावलेली होती, आणि तिच्यामागे दुःखाचा फार मोठा साठा होता.

मेरीचा जन्म १४ मे १७०० रोजी विल्टशायरमधील कूल्स्टन या गावी झाला. आपल्या कालगणनेत सांगायचे तर ज्या साली सिंहगडावर छत्रपती राजारामांचा अंत झाला ते हे साल. वडिलांचे घराणे ग्रॅनव्हिलांचे; मोठे, पण राजकारणात टोरी पक्षाचे. मेरीने ॲन राणीच्या पदरी दरबारी सखी व्हावे अशा हेतूने तिला लहानपणीच लंडनला एका आत्याकडे ठेवण्यात आले. तिथल्या शाळेत असताना तिला कागदाची फुले आणि पाखरे कापण्याचा नाद होता. तिची एक वर्गमैत्रीण ती कात्रणे वेचून आपल्या झग्याला टाचून मिरवीत असे, ही आठवण मेरीने पुढे म्हातारपणी लिहून ठेवली आहे. शाळेतल्या अशा आठवणींना चरित्रकार सहसा एका ओळीपेक्षा जास्त जागा देत नाहीत. या प्रसंगी मात्र ती ओळ अधोरेखित करण्याजोगी आहे.

१७१४ मध्ये ॲन राणी वारली, हॅनोव्हरचे राजघराणे गादीवर आले आणि टोरींचे दिवस फिरले. कुटुंब खेड्यात जाऊन राहिले. दरबाराचा मार्ग बंद झाल्यावर मुलीचा उपयोग एकच उरला, तो म्हणजे विवाह. १७१८ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, काकांनी तिचे लग्न अलेक्झांडर पेन्डार्व्हिस नावाच्या, साठीला टेकलेल्या एका जमीनदाराशी लावून दिले. हे गृहस्थ पार्लमेंटचे सभासद होते, मद्यपी होते, संधिवाताने जर्जर होते आणि संशयी होते. कॉर्नवॉलमधील त्यांच्या पडक्या गढीत मेरीने तारुण्याची पहिली वर्षे काढली. आपल्या आत्मकथनात या विवाहाचे वर्णन करताना तिने वेदीवर नेलेल्या बळीची उपमा वापरली आहे. पंचविशीच्या सुमारास ती विधवा झाली. नवऱ्याने मृत्युपत्रात तिच्यासाठी पुरेशी तरतूद केलेली नव्हती. जरठ-कुमारी विवाहाची कहाणी महाराष्ट्राला नवी नाही. 'शारदा' नाटकाच्या प्रेक्षकांना ती मी काय सांगावी? फरक एवढाच की त्या समाजात उच्च कुळातील विधवेला हिंडण्याफिरण्याचे, वाचण्याचे, पत्रव्यवहाराचे काही स्वातंत्र्य होते, आणि मेरीने ते पुरेपूर वापरले. संगीतकार हॅन्डेल तिच्या घरी येऊन वाद्य वाजवीत असे. 'गलिव्हर'चा लेखक स्विफ्ट तिला पत्रे लिहीत असे. पुढे तिला अनेकांनी मागण्या घातल्या, त्या तिने नाकारल्या.

शेवटी १७४३ मध्ये, त्रेचाळिसाव्या वर्षी, तिने स्वतःच्या पसंतीने लग्न केले. पॅट्रिक डिलेनी हे आयरिश धर्मोपदेशक. कुळाने ते तिच्याहून उणे, म्हणून सख्खा भाऊ रुसला. डब्लिनजवळच्या डेलव्हिल नावाच्या घरी हे दांपत्य पंचवीस वर्षे सुखाने राहिले. तेथील बाग मेरीने लावली, शिंपल्यांच्या नक्षीने खोल्या सजविल्या, निसर्गदृश्ये रेखाटली, तैलचित्रांच्या नकला केल्या, आणि भरतकाम तर अखंड चालू होते. त्यापूर्वी, १७४०च्या आसपास, तिने दरबारी पोषाखासाठी काळ्या रेशमावर फुलांचे भरतकाम आखले होते. त्याचे तुकडे आजही शिल्लक आहेत. काळ्यावर फूल ही कल्पना तीस वर्षे तिच्या हातात मुरत होती, असे मला त्यावरून वाटते. १७६१ मध्ये तिची जिवाभावाची धाकटी बहीण ॲन गेली. १७६८ मध्ये पती गेले. तेव्हा मेरी अडुसष्ट वर्षांच्या होत्या. येथून पुढे त्यांना आपण डिलेनीबाई म्हणू.

या काळात त्यांना आधार दिला तो पोर्टलंडच्या डचेसने. मार्गारेट बेन्टिंक असे तिचे नाव, आणि ती इंग्लंडमधील अतिशय श्रीमंत स्त्रियांपैकी एक होती. दोघींची मैत्री जुनी. उन्हाळ्याचे महिने डिलेनीबाई बुलस्ट्रोडला तिच्याकडे राहू लागल्या. हे घर म्हणजे एक खासगी विद्यापीठच होते. शंख, शिंपले, खनिजे, कीटक, पक्षी, वनस्पती यांचे संग्रह खोल्याखोल्यांतून भरलेले. डचेसचे धर्मोपाध्याय जॉन लाइटफूट हे स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ. स्कॉटलंडच्या वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ १७७७ साली निघाला. लिनियसचा स्वीडिश शिष्य सोलँडर तेथे येऊन संग्रहाच्या याद्या करी. कॅप्टन कुकबरोबर जगप्रदक्षिणा करून १७७१ मध्ये परतलेला जोसेफ बँक्स हाही या मंडळींच्या परिचयाचा होता. त्या वर्षाच्या डिसेंबरात दोघी जणी लंडनला त्याच्या घरी जाऊन त्या सफरीत काढलेली वनस्पतींची चित्रे पाहून आल्या.

डिलेनीबाई या मंडळींत नुसत्या श्रोत्या नव्हत्या. १७६९ मध्ये, म्हणजे पती निवर्तल्यानंतर वर्षभरात, त्यांनी विल्यम हडसन याच्या इंग्लंडच्या वनस्पतींवरील लॅटिन ग्रंथाचे इंग्रजी रूपांतर स्वहस्ते लिहून काढले. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. शोकात असलेली सत्तरीची एक स्त्री रोज टेबलाशी बसून लॅटिन संज्ञांशी झुंजते आहे. पुढच्या कागदी फुलांचा पाया इथे घातला गेला.

१७७२ च्या त्या दिवसाची हकीकत अशी सांगतात. बुलस्ट्रोडच्या खोलीत टेबलावर एक लाल जिरेनियम ठेवलेले होते आणि शेजारी त्याच रंगाचा एक कागद पडला होता. दोहोंचे साम्य डिलेनीबाईंच्या नजरेत भरले. त्यांनी कातर घेतली, पाकळ्या कापल्या, हिरव्या कागदाची पाने कापली आणि जुळवून ठेवली. डचेस खोलीत आली तेव्हा कागदी पाकळ्यांना तिने खऱ्या समजून, त्या फुलाचे हे काय चालविले आहे, असे विचारले. ऑक्टोबर १७७२ मध्ये डिलेनीबाईंनी आपल्या भाचीला लिहिलेल्या पत्रात, फुलांची नक्कल करण्याची एक नवी रीत मला सुचली आहे, अशी बातमी दिली. त्यानंतर महिन्याभराने इकडे थेऊरला थोरले माधवराव पेशवे वारले. इतिहासाच्या आपल्या वह्यांत त्या वर्षाच्या पानावर एवढीच एक नोंद असते, आणि आपल्या दृष्टीने ते बरोबरच आहे.

आता त्यांची कामाची पद्धत पाहू, कारण सारे मर्म तिच्यात आहे. आपल्यापैकी पुष्कळांनी हस्तकलेच्या तासाला घोटीव कागद कापून खळीने चिकटविले असतील. एक लाल वर्तुळ, भोवती पाच पाकळ्या, एक हिरवा दांडा, झाले फूल. डिलेनीबाईंच्या फुलात एकेका पाकळीसाठी कागदाचे कित्येक तुकडे आहेत. सावलीसाठी गडद छटेचा तुकडा, त्यावर उजेडासाठी फिका, त्यावर शिरेसाठी केसासारखी पट्टी. जाडजूड हातमागद वेगळा, पातळ वेगळा. पातळ कागदातून खालचा रंग अर्धवट दिसतो, तोही त्यांनी कामात घेतला. काळी पार्श्वभूमी त्या स्वतः कागद रंगवून तयार करीत. आवश्यक तेथे जलरंगाचा हलका हात फिरवीत, आणि क्वचित प्रसंगी खऱ्या झाडाचे पान किंवा एखादा भागच त्यात बसवीत. रंग फुटलेले, डागाळलेले, म्हणून विक्रीला निरुपयोगी ठरलेले कागद त्या रंगाऱ्यांकडून मिळवीत, आणि चीनहून येणाऱ्या जहाजांवरच्या कप्तानांकडूनही कागद घेत, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदले आहे. पाकळीवरची रंगाची ओघळ ब्रशाने काढण्याऐवजी ओघळलेल्या कागदातच ती शोधायची! दृष्टी किती तयार झालेली असेल, याची कल्पना यावरून यावी.

आपण ज्याला कृष्णकमळ म्हणतो त्याच कुळातल्या वेस्ट इंडीजमधील एका वेलीचे फूल त्यांनी १७७७ मध्ये केले. त्याच्या मध्यभागीच्या झालरीत २३० हून अधिक तंतू मोजण्यात आले आहेत. प्रत्येक तंतू वेगळा कापलेला आहे. चष्मा लावून, उजेडाच्या दिशेने खुर्ची सरकवून, सत्त्याहत्तर वर्षांच्या हातांनी.

एवढा काटेकोरपणा कशासाठी? केवळ फूल खरे दिसावे म्हणून नव्हे. लिनियसच्या पद्धतीत वनस्पतीचा वर्ग तिच्या फुलातील पुंकेसरांच्या संख्येवरून ठरत असे आणि उपवर्ग स्त्रीकेसरांवरून. पाचाच्या जागी सहा पुंकेसर कापले तर झाड दुसऱ्याच वर्गात जाऊन बसले असते. म्हणून डिलेनीबाई फूल उकलून, मोजून, मगच कातर हाती घेत. त्या काळी कित्येक सभ्य गृहस्थांना हे केसर मोजण्याचे शास्त्र स्त्रियांच्या कानांवर पडू नये असे वाटत होते; डिलेनीबाईंनी आणि डचेसने त्याची फारशी पर्वा केलेली दिसत नाही. चित्राच्या मागे त्या वनस्पतीचे लॅटिन नाव, इंग्रजी नाव, चित्र पूर्ण झाल्याची तारीख, स्थळ आणि बहुधा ते झाड कोणी दिले त्याचे नाव लिहून ठेवीत. बँक्ससारख्या शास्त्रज्ञाने, या चित्रांवरून वनस्पतीचे शास्त्रीय वर्णन निर्धास्तपणे करता येईल, असा निर्वाळा दिल्याचे त्यांच्या कुटुंबात सांगितले जात असे. त्यांनी स्वतः या संग्रहाला सुक्या वनस्पतींचा संग्रह अशा अर्थाचे जुने लॅटिन नाव दिले. कलाकृती असे त्यांनी त्याला म्हटले नाही. हे नुसते विनयाचे लक्षण मानू नये. आपण शास्त्राच्या बाजूचे काहीतरी करतो आहोत, अशी त्यांची खरी समजूत होती.

दहा वर्षांत ९८५, म्हणजे सरासरीने चार दिवसांना एक फूल. घरची आजारपणे, पाहुणे, पत्रव्यवहार हे सर्व सांभाळून. त्यांच्या पत्रांतून हे काम त्यांना शोकावरचा उतारा म्हणून कसे उपयोगी पडले ते दिसते. पण 'उतारा' या शब्दाने फसू नये. मन रमविण्याचे साधन म्हणून एखादी व्यक्ती दहा-वीस फुले करील. ९८५ व्हायला संकल्प लागतो, आणि संकल्प हजाराचा होता. दुःखाला त्यांनी कामाचे तास ठरवून दिले, असे मी म्हणेन. आज पुष्कळ ठिकाणी निसर्गचित्रे आणि कागदकाम मनःशांतीसाठी शिकवतात, ते चांगलेच आहे. मात्र डिलेनीबाईंच्या टेबलावर शांतता हे साध्य नव्हते. साध्य होते बरोबर फूल. शांतता त्याच्या मागोमाग आली.

येथे एका गोष्टीचा उल्लेख केला नाही तर इतिहास अपुरा राहील. बुलस्ट्रोडला आणि लंडनजवळच्या क्यूच्या शाही बागेत ही दूरदेशीची झाडे येत होती ती व्यापाराच्या आणि साम्राज्याच्या वाटेने. वेस्ट इंडीजमधून जी जहाजे कृष्णकमळाची बहीण घेऊन आली ती गुलामांच्या श्रमावर पिकलेली साखरही घेऊन येत होती. बंगालमधील १७७०च्या भीषण दुष्काळाला तेव्हा दोनच वर्षे झाली होती, आणि कंपनीची वसुली थांबलेली नव्हती. अफूच्या फुलाचेही एक चित्र डिलेनीबाईंनी केले आहे, अतिशय नाजूक आणि गोड. माळव्यातील श्रोत्यांना अफूचे राजकारण समजावून सांगायला नको. पुढील शतकात त्या झाडाने आपल्या या प्रदेशाचे अर्थकारण कसे घडविले आणि चीनचे काय केले हे सर्वश्रुत आहे. बाईंना याचा जाब विचारावा असे माझे म्हणणे नाही. काळ्या कागदाच्या मागे एवढे मोठे जग दडलेले आहे, एवढेच लक्षात असू द्यावे.

तिसरा जॉर्ज आणि राणी शार्लट यांचे बुलस्ट्रोडला येणे-जाणे असे. त्यांनी ही चित्रे पाहिली आणि क्यूच्या बागेतून बाईंकडे झाडे पाठविण्याची व्यवस्था केली. १७८१ मध्ये राणीने त्यांना एक लहानशी पेटी भेट दिली. बाहेरून पांढऱ्या साटिनवर जरीचे काम, आत सुरी, कातर, पेन्सिल, मोजपट्टी, कंपास आणि टोचा. राण्यांनी दिलेल्या भेटींच्या याद्यांत रत्ने आणि मोती पुष्कळ आढळतात. हत्यारांची भेट विरळा. मात्र ती उशिरा आली. बाईंची दृष्टी मंदावत चालली होती. १७८२ मध्ये, ब्याऐंशी वर्षांच्या असताना, त्यांनी काम थांबविले. हजाराला पंधरा कमी पडली. निरोपादाखल चार ओळी कविता लिहून त्यांनी टेबल आवरले.

१७८५ मध्ये डचेस वारली. बाईंचा उन्हाळ्याचा निवारा गेला तेव्हा राजाने त्यांना विंडसरला घर दिले आणि वर्षाला ३०० पौंडांचे वेतन चालू केले. १५ एप्रिल १७८८ रोजी, अठ्ठ्याऐंशीव्या वाढदिवसाला महिना असताना, त्यांचे निधन झाले.

यानंतरची हकीकत मला चित्रांइतकीच बोधप्रद वाटते. डचेसच्या संग्रहाचे काय झाले पाहा. १७८६ च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये त्याचा लिलाव ३८ दिवस चालला. चार हजारांहून अधिक गठ्ठे करून शंख, खनिजे, चिनी मातीची भांडी, सारे पांगले. इंग्लंडातील सर्वांत मोठा खासगी निसर्गसंग्रह म्हणून ज्याची ख्याती होती तो सव्वा महिन्यात नाहीसा झाला. आणि तिच्या आश्रयाला असलेल्या म्हातारीने चिकटविलेले कागद, ज्यांची बाजारात कोणी बोली लावली नसती, ते दहा खंडांत बांधलेले एकत्र राहिले. ते हातोहात कुटुंबातच फिरले आणि अखेर बाईंच्या बहिणीच्या पणतीकडे, लेडी लॅनोव्हर हिच्याकडे आले. हिने १८६१-६२ मध्ये डिलेनीबाईंचे आत्मकथन आणि पत्रव्यवहार सहा जाड खंडांत छापून काढला, आणि आपल्या मृत्युपत्राने ते दहा चित्रखंड ब्रिटिश म्यूझियमला दिले. १८९७ मध्ये ते तेथे दाखल झाले. बहीण, बहिणीची मुलगी, तिची मुलगी, तिची मुलगी. हा वारसा अखेर ज्या वंशशाखेने जपला ती स्त्रियांची आहे, हे माझ्या मते या इतिहासातले सर्वांत ठळक कलम आहे.

म्यूझियममध्ये गेल्यावरही त्यांची ओळख 'एका कुलीन विधवेची करमणूक' अशीच राहिली. हॅन्डेल, स्विफ्ट यांच्या चरित्रकारांना बाईंची पत्रे हवी असत, कारण त्यांत त्या थोर पुरुषांचे उल्लेख होते. फुलांकडे त्यांचे लक्ष नसे. बाईंच्याच कुळातल्या रूथ हेडन या लेखिकेने १९८० मध्ये बाईंच्या आयुष्यावर आणि या चित्रांवर पुस्तक लिहिले, तेव्हा चित्र बदलू लागले. २००९-१० मध्ये अमेरिकेत येल येथे व नंतर लंडनमध्ये मोठे प्रदर्शन झाले. तोपर्यंत बाईंना जाऊन २२० वर्षे उलटली होती. भरतकाम, शिंपलेकाम, कागदकाम ही 'हातची कामे', आणि तैलरंग तेवढी 'कला', ही वाटणी कोणी केली? ज्यांना तैलरंगाच्या शाळेत प्रवेश होता त्यांनी केली.

आपल्याकडे ही वाटणी कमी कडक नाही. माळव्यात पितृपक्षाचे सोळा दिवस मुली भिंतीवर शेणाने संजा मांडतात आणि ती फुलांच्या पाकळ्यांनी, चमकीच्या कागदाने सजवितात. शेवटच्या दिवशीचा किल्लाकोट तर रचनेच्या दृष्टीने एक मोठे भित्तिचित्रच असते. ते चिकटचित्र नव्हे तर काय? इंदूरच्या मराठी घरांतल्या मुलीही शेजारच्या मुलींबरोबर संजा मांडायला बसत. डिलेनीबाई बुलस्ट्रोडला जिरेनियम कापत होत्या त्याच वर्षांत महेश्वरी अहिल्याबाईंचे राज्य चालू होते. त्यांच्या दानधर्माचे, घाटांचे, देवळांचे तपशील आपल्याला उपलब्ध आहेत. त्या राज्यातील मुलींनी भिंतींवर काय मांडले त्याचा एकही तुकडा उरला नाही, कारण संजा सोळाव्या दिवशी पाण्यात सोडायचीच असते. विसर्जन हा त्या कलेचा धर्मच आहे, हे मला मान्य आहे. तथापि डिलेनीबाईंची तारीख-स्थळ-नाव लिहिण्याची सवय पाहिली म्हणजे मनात आल्यावाचून राहत नाही, की आपल्या आज्यांपैकी एखादीने मांडलेल्या आकृत्यांची वही ठेवली असती तर आज आपल्या हाती काय लागले असते!

वार्धक्यात किंवा आजारात कातरीकडे वळलेले कलावंत पुढेही झाले. १९४१ मध्ये मोठ्या शस्त्रक्रियेतून वाचलेला मातिस खुर्चीत बसून रंगविलेला कागद कापू लागला, आणि पाने, शेवाळ, पक्षी यांच्या आकारांनी त्याने भिंती भरून टाकल्या. शांतिनिकेतनचे विनोदबिहारी मुखर्जी यांची दृष्टी १९५७ मध्ये पूर्ण गेली. त्यानंतर त्यांनी बोटांनी चाचपून कागद कापून चित्रे केली. त्यांचे शिष्य सुब्रमण्यन् यांनी वडोदऱ्याच्या कलाविद्यालयात अनेक वर्षे शिकविले, आणि त्याच विद्यालयात चित्रकलेचा पाया घालणारे नारायण श्रीधर बेंद्रे हे तर १९१० साली आपल्या इंदुरात जन्मलेले. बेंद्र्यांची उत्तरायुष्यातील निसर्गचित्रे ठिपक्याठिपक्यांनी बांधलेली आहेत, आणि डिलेनीबाईंच्या फुलांसारखीच ती जवळून श्रमाची व दुरून विसाव्याची वाटतात. या सर्वांना कलावंत म्हणवून घेण्यासाठी दोनशे वर्षे थांबावे लागले नाही. असो.

शेवटी एका चित्राविषयी सांगतो आणि थांबतो. आपल्याकडे पावसाळ्यानंतर माळावर चिरपोटी उगवते. तिचे फळ कागदी आकाशकंदिलासारख्या एका आवरणात असते. तिच्याच कुळातील एक झुडूप युरोपात होते. त्याची फळे नारिंगी आणि कंदील तांबडे. डिलेनीबाईंनी त्याचे चित्र केले आहे. फांदी कागदाची, पाने कागदाची, तांबडे कंदीलही कागदाचे. त्यांपैकी एका कंदिलाचे आवरण मात्र पूर्ण गळून गेलेले आहे, उरली आहे ती शिरांची नुसती जाळी, आणि आत फळ दिसते. ही जाळी कापलेली नाही. ती खऱ्या झाडावरची आहे. बाईंनी ती अलगद उचलून कागदावर बसविली, आणि अडीचशे वर्षांनंतर ती अजून तेथेच आहे.